कानबाईनंतरचा बुधवार

मी राज्याच्या राजकारणावर लिहिते, हे माझ्या माहेरी अजून कुणाला खरं वाटत नाही. भाऊ फोनवर म्हणतो, "तू? दुकानदाराकडे सुटे परत मागायची तुला लाज वाटायची. तू आमदारांना जाब विचारतेस?"

विचारते. पण पोस्ट टाकली की मोबाईल पिठाच्या डब्यामागे ठेवते आणि भांडी घासायला बसते. कुणी काय म्हटलं असेल, ते लगेच बघवत नाही. सगळी भांडी घासून झाली, पालथी घालून झाली, की मग हात पुसून हळूच बघते.

मी मालवणकडची. माझी शाळा आठवीत सुटली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती, होडीनं जावं लागे, आणि होडीत शेजारी कोण बसेल याचा भरवसा नव्हता. वडील वाईट नव्हते, घाबरट होते. म्हणाले, आठवी पुष्कळ झाली. मीही मान हलवली. नवऱ्याला खानदेशात पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात फिटरचं काम लागलं, तेव्हा लग्नाच्या हळदीचा रंग हातावरून जायच्या आत आम्ही इथं आलो आणि जवळच्या एका गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सगळीकडे केळी, पपई, ऊस आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. ताज्या माशाची आठवण आली की मी त्या रेघेकडे बघायचे. का, ते सांगता येणार नाही.

घरमालकीण शेजारीच राहायची, मधे एकच भिंत. तिला मी ताई म्हणते. पहिल्या सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "काय करी ऱ्हायनी वं?" म्हणजे काय करतेस, पण मला वाटलं, काही चुकलं. मी उठून उभी राहिले. ती हसत सुटली. आत जाऊन तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा आणून दिला आणि म्हणाली, "खाय. मंग घाबरजो." त्या दिवसापासून या गावात मी 'कोकनवाली' झाले. हे नाव मला माझ्या खऱ्या नावापेक्षा आवडतं.

नवरा पाळीला गेला की दिवस जाता जात नसे. मोबाईलवर वाचता वाचता एक ब्लॉग सापडला. साताऱ्याकडचे एक निवृत्त मास्तर तो चालवतात, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. जुन्या वळणाच्या माणसांचा ब्लॉग. देवळाच्या पेटीत सरकारनं हात घालू नये. म्हाताऱ्या माणसांना घरात सांभाळणाऱ्या कुटुंबाला सरकारनं सवलत द्यावी, आश्रमाला अनुदान देत बसू नये. पोरांना आधी मराठी नीट यावी. आणि सरकार कुणाचंही असो, त्यानं दारूच्या परवान्यांवर तिजोरी भरू नये. हे वाचताना मला कुणीतरी आपल्या घरातलंच बोलतंय असं वाटलं. मला आयुष्यात ज्या ज्या गोष्टींनी सावरलं त्या सगळ्या जुन्या होत्या. ग्रामदेवतेचा कौल, चुलतीचा हात, शेजारणीची भाकर. नवीन गोष्टींनी मला सावरलं नाही असं नाही, मोबाईल नवीनच की. पण जे जुनं टिकलंय ते कुणीतरी रोज उठून टिकवलंय, एवढं मला कळतं, आणि ते मोडताना हात जरा थांबावा असं वाटतं. माझं सगळं राजकारण एवढंच आहे.

एका पोस्टखाली मी मोठी प्रतिक्रिया लिहिली. काकांचा फोन आला. "नंदुरबार जिल्ह्यातून आपल्याकडे कुणीच लिहीत नाही. तुम्ही लिहा." मी म्हटलं, माझं शिक्षण नाही. ते म्हणाले, "तुम्ही लिहा, शुद्धलेखन मी बघतो. ते बघण्यातच जन्म गेला माझा." असं ते सुरू झालं. अधिवेशन असलं की काका ब्लॉगच्या ग्रुपवर सांगत, आज अमुक विषय सभागृहात येणार, आपापल्या आमदाराला फोन करा. राज्यभरातून आम्ही फोन करायचो. मी आधी वाक्य कागदावर लिहून घ्यायची, दोनदा मोठ्यानं म्हणायची आणि मग नंबर लावायची. पलीकडे बहुतेक वेळा कुणीतरी स्वीय सहायक असे आणि "हो ताई, सांगतो साहेबांना" म्हणून ठेवून देई. मला तेवढ्यानंही दिवसभर हलकं वाटायचं.

टोमणेही खूप खाल्ले. 'चूल आणि मूल काकू', 'देशाला मागे नेणाऱ्या बाई'. नवरा जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायचा. "हे बघ, हा म्हणतो तुम्ही कुठल्या शतकात राहता?" मी म्हणायची, "कळव त्याला, शहादा तालुक्यात राहते."

ताईची मुलगी तेव्हा आठवी पास झाली होती. आमच्या गावची शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी रस्त्यावरच्या मोठ्या गावात जायचं, चालत. वाट फाट्यावरून जाते आणि फाट्यावर देशी दारूचं परवान्याचं दुकान आहे. सकाळी शाळेच्या वेळेला तिथं बाकावर माणसं बसलेली असतात आणि संध्याकाळी बाकाखाली.

ताईचा नवरा ट्रॅक्टर चालवतो. मितभाषी माणूस, मुलीवर फार जीव. एकदा मुलगी तापानं आजारी होती तेव्हा रात्रभर तिच्या उशाशी बसला आणि सकाळी कुणी विचारलं तर म्हणाला, झोप येत नव्हती. त्यानं जूनमध्ये सांगितलं, पोर त्या दुकानापुढून शाळेला जाणार नाही. ताई रडली, भांडली. मी भीत भीत मधे पडले. म्हटलं, "भाऊ, पोर हुशार आहे हो."

तो ओट्यावर बसून ट्रॅक्टरचा कसला तरी भाग रॉकेलनं पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "वयनी, तुम्ही कितवी शिकेल शेतस?"

"आठवी."

"आनि तुमनं लिखेल बठ्ठं राज्य वाचस. मुंबईलोंग फोन करतस तुम्ही. मंग मन्ही पोर बी आठवी झायी. आते तिले काय कमी शे?"

माझं लिहिलेलं सगळं राज्य वाचतं, म्हणे. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं, आणि तेच नेमकं त्या पोरीच्या आड आलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. माझ्याकडे बघत होती, मी आता काहीतरी बोलेन म्हणून. मी चहा ठेवायला आत गेले.

काकांना मी हे सांगितलं. ते एकदम ताठ झाले, फोनवरही कळलं. म्हणाले, नियम आहे. गावातल्या बायकांनी सह्या करून अर्ज केला तर सरकारला मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी, एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. "पण लक्षात ठेवा," काका म्हणाले, "आलेल्या बायकांच्या निम्म्या नव्हे. यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली पाहिजेत. जी आली नाही तिनं उभ्या बाटलीला मत दिलं असंच धरतात."

ताईच्या नवऱ्याला हे ताईनंच सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "बाटली आडवी पडनी तं पोर जाई. नई पडनी तं नई." त्याचं असंच असतं. एकदा बोलला की बोलला. मोठ्या गावच्या हायस्कुलात मुख्याध्यापकांना आम्ही दोघी जाऊन भेटलो. ते म्हणाले, श्रावण संपेपर्यंत तिची जागा ठेवतो, पुढं माझ्या हातात नाही.

सह्यांसाठी आम्ही गल्ली-गल्ली फिरलो. मी ब्लॉगवर रोज थोडं लिहायची, आणि अकोल्याकडून, सांगलीकडून, कुठून कुठून बायका कळवत की आमच्याकडे असं असं केलं होतं, तुम्ही पण करा. त्या बायकांना मी अजून पाहिलेलं नाही. त्यांच्या नावापुढे आजही मी मनात हात जोडते.

फाट्यावर, दुकानाच्या अगदी समोर, गाद्या भरणाऱ्या पिंजारी चाचीचं घर आहे. तिचं घराणं या गावात आमच्या घरमालकांच्या आधीपासूनचं. आमच्या ग्रुपमधल्या एकानं सुचवलं होतं की आधी आपल्या देवळांच्या मंडळातल्या बायका गाठा, बाकीचं मग बघू. मी आधी चाचीकडेच गेले, कारण दुकान तिच्याच दारासमोर आहे आणि मला तहान लागली होती. चाची कापसात बसलेली, केसांवर, भुवयांवर कापूस. म्हणाली, "व माय, तुम्ही इतला दिन कोठे व्हत्यात? मी तं या बाटलीले रोज शिव्या देस. माले वाटे, शिव्यास्नीच आडवी पडी!" तिच्या घरातल्या आणि मागच्या चारपाच घरांतल्या सगळ्या सह्या तिनं स्वतः फिरून आणल्या.

अर्ज मंजूर झाला. तारखेसाठी तहसील कार्यालयात बोलावलं. ताईची शेतात निंदणी चालू होती, म्हणून मी एकटीच गेले. तिथले साहेब सज्जन होते, विदर्भातले, नुकतेच बदलून आलेले. मला बसायला सांगितलं. मी खुर्चीच्या काठावर बसले. डोक्यावर पंखा फिरत होता तरी पदर मानेला चिकटला होता.

आमच्या गावच्या पुष्कळ सुना नवऱ्यांबरोबर सुरतला असतात, मिलमध्ये, साडीच्या कामात. त्यांची मतं मात्र गावच्या यादीत. त्या वर्षातून एकदा नक्की येतात, श्रावणात, कानबाईला. कानबाई म्हणजे खानदेशाची घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला दागिने घालून, नटवून तिची स्थापना करतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीवर जातात. हे सगळं ताईनं मला सांगितलं होतं. म्हणून मतदान कानबाईच्या सुमाराला हवं एवढं आमचं ठरलं होतं.

साहेब म्हणाले, "त्या आठवड्यात घेऊ. सोमवार, मंगळवार, बुधवार, तुमच्या बायकांना कोणता बरा?"

घरी फोन करून विचारावं असं मनात आलं. पण शेजारी कारकून पेन उघडून थांबला होता, मागं दोन माणसं उभी होती. फोन लावला असता तर या बाईला एवढंही ठाऊक नाही असं त्यांना वाटलं असतं. आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा गणपती आला. चाकरमानी येतात, पाच दिवस, सात दिवस राहतात, गौरी जेवून जातात. सोमवारी विसर्जन, म्हणजे बायका थकलेल्या असणार. मंगळवारी आवराआवर. मी म्हटलं, "बुधवार."

घरी येऊन मी आनंदानं सांगितलं. ताईच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

"बुधवारले? व माय! बुधवारले कोन ऱ्हाई आठे? सोमवारले कानबाई नदीवर गयी का दुपारनी गाडीमा बठ्ठा सुरतले निंघी जातस! मिलवाला एक दिन जास्त देत नई!"

"पण गणपतीला आमच्याकडे..."

"हाई गनपती नई वं, कानबाई शे!"

मी परत कार्यालयात गेले. साहेब सुट्टीवर होते. कारकून म्हणाला, तारीख जाहीर झाली, आता काही होत नाही. काकांना फोन केला. ते म्हणाले, "माझ्याही लक्षात आलं नाही हो. मीही गणपतीवालाच." ब्लॉगवर त्यांनी मोठ्या अक्षरात टाकलेलं होतंच: कानबाईनंतरचा बुधवार, आडवी बाटली. खाली राज्यभरातून शुभेच्छा. मी जेवले नाही. नवरा म्हणाला, "अगं, जेव. मत द्यायला ताकद लागेल." मग त्याच्या लक्षात आलं की मला हसू येणार नाही, आणि त्यानं माझ्या ताटातली आमटी परत गरम करून आणली.

ताईची सासू आहे. तिला सगळं गाव मोठीमाय म्हणतं. ती दिवसभर खाटेवर बसून असते आणि आपल्याला ऐकू येत नाही असं लोकांना वाटू देते. दुसऱ्या दिवशी तिनं भावकीतल्या थोरल्या बायका बोलावल्या. मलाही दाराशी बसायला सांगितलं.

कानबाईच्या रोटाचा एक नेम आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. हे रोट फक्त भावकीनंच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. सगळे संपवायचे. एरवी रोट बेतानंच होतात आणि सोमवारी सकाळी संपतात.

मोठीमाय म्हणाली, "आपला वाटाना रोट सोडीसन कोनी जात नई. बरोबर शे का?"

बायका म्हणाल्या, बरोबर.

"मंग रोट बुधवारलोंग पुराले जोयजे."

एक म्हातारी म्हणाली, "पन मुठी तं ठरेल शेत, माय. त्या वाढाडता येत नईत. नेम मोडस."

"मुठी वाढाडू नका," मोठीमाय म्हणाली. "मूठ कोनी भरानी, हाई कोठे ठरेल शे?"

 मग ताईच हसायला लागली. तिचा धाकटा दीर पहिलवान गडी आहे, त्याचा पंजा म्हणजे सूप. कानबाईच्या रविवारी सकाळी त्याला अंघोळ घालून, नवं धोतर नेसवून भावकीत घरोघरी मुठी भरायला फिरवला. "त्यानी एक मूठ म्हंजे आमना सासराना तीन मुठी!" बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. तो बिचारा घामाघूम, "वयनी, अजून किती घर?" म्हणत होता. ताईच्या घरात रोटांची अशी थप्पी लागली की कानबाईपुढे समई ठेवायला जागा करावी लागली. मी भावकीतली नाही, म्हणून मला रोट नव्हता. पण सगळी रात्र मी गाण्याला बसले. अर्धी गाणी मला कळली नाहीत. ताई मधेच माझ्या मांडीवर थोपटून अर्थ सांगायची आणि परत गाण्यात शिरायची.

काकांना मी उत्साहानं हे कळवणार होते. मोठीमायनं बोट उचललं. "रोट घरबाहेर जात नई. रोटनी गोट बी जावानी नई." गोष्टही जायची नाही म्हटल्यावर मी मोबाईल खाली ठेवला. ब्लॉगवर हे मी कधीच लिहिलं नाही. इथं लिहिण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली, "पुस्तकमा लिख. मोबाईलमा नको. मोबाईल उडत फिरस."

सोमवारी कानबाई नदीवर गेली. दुपारी गाड्या आल्या. मी गच्चीवरून बघत होते. काही सुना चढल्या, त्यांच्या घरात पहिलवानाचा हात पोचला नव्हता. दोघी जावांनी म्हणे सकाळीच बसून आपापले वाटे संपवले आणि पाणी पिऊन गाडी पकडली. मिलवाल्याचा फोन आला होता त्यांना, त्यांना मी काय बोलणार. पण बऱ्याच थांबल्या. नवऱ्यांना पुढं पाठवून थांबल्या. त्या दोन दिवसांत दुधात कुस्करलेला रोट, भाजीत बुडवलेला रोट, वाळवून परतलेला रोट, पोरं तोंड वाकडं करायची आणि मोठीमाय खाटेवरून बघत असायची.

बुधवारी बायका शाळेत रांगेनं आल्या. कानबाईच्याच साड्या नेसून आल्या. चाची तिच्या सगळ्या घरांतल्या बायका घेऊन आली, केसातला कापूस झटकून. दुकानवाल्याची बायकोही आली, खाली मान घालून. तिनं कोणत्या बाटलीवर शिक्का मारला ते तिला आणि देवाला ठाऊक. ताईचा नवरा दिवसभर समोरच्या कडुलिंबाखाली ट्रॅक्टर लावून त्याच्यावर बसून होता.

संध्याकाळी निकाल सांगितला. आलेल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी बाटली आडवी केली होती. पण यादीच्या निम्म्याला थोडं कमी पडलं. फार थोडं. सोमवारी मतदान असतं तर कमी पडलं नसतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं, आणि एकीनंही मला ते म्हटलं नाही. ताईनं माझा हात धरून घरी आणलं. मी रडत होते, ती नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

काकांनी फोन केला. "सरकारी नियमानं बायकांचा कौल गिळला, असं घणाघाती लिहा. अधिवेशनात विषय काढू." त्यांचं बरोबरच होतं. नियम बदलायलाच हवा, आणि पुढं आम्ही त्यासाठी खूप पत्रं लिहिली, अजून लिहितो. पण त्या दिवशी मला एक ओळ येईना. मी म्हटलं, काका, आज नको.

सकाळी ताईचा नवरा ओट्यावर बसला होता. मी पाणी भरून येत होते. मला त्याला टाळायचं होतं. त्यानंच हाक मारली.

"वयनी. बसा."

मी घागर ठेवली, उभीच राहिले.

"बाटली उभी शे," तो म्हणाला. "मी सांगेल व्हतं ते तुम्हले म्हायती शे." मग जरा थांबून, आवाज मऊ करून, जणू माझीच समजूत काढायला, "ऱ्हाऊ द्या. आठवी बी कमी नई. तुमनं देखा. तुमनामुळे इतल्या बायका भेळ्या झायात."

या वेळेला मी आत गेले नाही. त्याच्यासमोर ओट्यावर बसले.

म्हटलं, "भाऊ, तारीख मी चुकवली. ते तुम्हाला ठाऊक आहे. का चुकवली ते ठाऊक नाही. साहेबांनी मला तीन दिवस दिले होते निवडायला. मला विचारायचं होतं, एक फोन लावून ताईला विचारते म्हणून. नाही विचारलं. कारण आठवीत शाळा सोडलेल्या बाईला सगळीकडे हीच भीती असते, की विचारलं तर कळेल हिला येत नाही. मी ब्लॉग लिहिते तेव्हाही घाबरते. आमदाराच्या माणसाशी बोलते तेव्हा घाबरते. बँकेत, दवाखान्यात, तुमच्याशी बोलताना आत्ता घाबरतेय. माझ्याकडे बघून तिची शाळा थांबवू नका. माझ्याकडे बघून तिला पाठवा."

तो हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिला. आत भांड्याचा आवाज बंद झाला होता. ताई ऐकत होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"साहेबले, फोन लावते, असं सांगतात तं काय व्हतं?" त्यानं शेवटी विचारलं.

"काही नाही. थांबले असते. भले माणूस होते."

"हं," तो म्हणाला.

मग उठला, दारात जाऊन आत बघत म्हणाला, "शाया किती वाजता भरस वं?"

आतून पोरीचा आवाज आला, बारीक, "अकरा."

"फाटालोंग मी येसू. तठून पुढे तुन्ही तू."

त्या दिवशी ती गेली. मी आणि ताई ओसरीत बसून राहिलो. वाल सोलायला घेतले होते, पण दोघींचेही हात चालत नव्हते. फाट्यावर काय झालं ते संध्याकाळी चाचीनं येऊन सांगितलं. म्हणाली, पोर पुढं गेली आणि हा तिथंच थांबला. दुकानाच्या बाकासमोर, दुकानाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड. बाकावरचे दोघं उठून आत गेले. दुकानवाला बाहेर येऊन म्हणाला, काय देऊ? हा वळलाच नाही.

"मंग काय बोलना तो?" ताईनं विचारलं.

चाचीनं त्याचाच आवाज काढून सांगितलं, "काही नको. मन्ही पोर जाई ऱ्हायनी, देखी ऱ्हायनू."